हे सगळ्यायले दिसते काय?

मे महिन्यात आमच्या नागपुरातल्या प्रतापनगरात रात्री दहानंतर गच्च्यांवर माणसं दिसू लागतात. संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारलेलं असतं, तरी स्लॅबची धग तळपायाला लागतेच. खाली कूलर घरघरत असतो, वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास जिन्यापर्यंत येतो, पण त्या दमट हवेत लगेच जाऊन पडावंसं वाटत नाही. अशाच एका रात्री मी फोनमध्ये डोकं खुपसून बसले होते आणि खालच्या मजल्यावरचे काका शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन टेकले. काका वनखात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची सगळी वर्षं नागझिरा, नवेगाव, पेंच इकडेच गेली. "काय पाहून राहिल्या ताई?" मी म्हटलं, शार्क. आणि फोन त्यांच्या हातात दिला. निळा नकाशा, अमेरिकेचा पूर्व किनारा आणि त्याच्या कडेकडेने विखुरलेले ठिपके. ओसर्च नावाची एक अमेरिकी संस्था शार्कना टॅग लावते आणि ते कुठे आहेत हे सगळ्या जगाला दाखवते. मी तेव्हा कंटेंडर नावाच्या एका नराच्या मागावर होते. जवळजवळ चौदा फूट लांब, साडेसातशे किलो वजन. जानेवारी २०२५ मध्ये फ्लोरिडा-जॉर्जियाच्या किनाऱ्यासमोर त्याच्या पाठीवरच्या परावर, म्हणजे फिनवर, टॅग बसवला. काकांनी चष्मा खालीच ठेवला होता, त्यामुळे फोन हातभर लांब धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वजनाला मान डोलावली, लांबीला "अरे बापा" म्हणाले. मग थोडा वेळ नुसतं बघत राहिले आणि विचारलं, "हे सगळ्यायले दिसते काय?"

हो की, मी म्हटलं. फुकट आहे. कोणीही बघू शकतं.

"मंग हे बरं नाई," एवढंच म्हणून त्यांनी फोन परत दिला आणि कॉलनीच्या बोअरवेलचा विषय काढला. मला मात्र तो प्रश्न चिकटला. मी हा नकाशा किती जणांना दाखवला असेल! भाचरांना, ऑफिसातल्या मैत्रिणींना, अगदी पार्लरमधल्या मुलीलासुद्धा. प्रत्येकाने विचारलं ते, तो माणसं खातो का, किंवा बॅटरी किती दिवस टिकते. दिसतंय हे कोणाकोणाला दिसतंय, हे विचारणारे काका एकटेच. जंगलात नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडून हा प्रश्न इतका सहज आला की मला तो नकाशाच वेगळा दिसायला लागला.

समुद्र आमच्यापासून दोन्हीकडे शेकडो किलोमीटर. झीरो माइलचा खांब आमच्या गावात. देशाचा मध्य म्हणून शाळेच्या सहली तिथे नेऊन आम्हाला अभिमान शिकवला गेला. पण मध्य असणं म्हणजे सगळ्या कडांपासून लांब असणं, हे काही कोणी सांगितलं नाही. मोठं पाणी म्हणजे अंबाझरी, त्याहून मोठं म्हणजे तोतलाडोह, आणि फारच मोठं म्हणजे गोसीखुर्द. तरी मला शार्क तसा परका नव्हता, आणि याचं कारण फोनपेक्षा खूप जुनं आहे. मी बी.एस्सी. झूलॉजी केलं तेव्हा प्रॅक्टिकलला स्कोलिओडॉन हा लहान शार्क असायचा. हातभर लांबीची, राखी रंगाची, चपट्या टोकदार नाकाची मुशी. कुठल्याशा बंदरावरून ड्रममध्ये भरून ती नागपूरच्या कॉलेजांपर्यंत यायची आणि मेणाच्या ट्रेमध्ये आमच्यासमोर ठेवली जायची. फॉर्मलीनने डोळ्यांतून पाणी यायचं. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला की बोटं खरचटायची, म्हणजे मग सर म्हणायचे, हे प्लेकॉइड स्केल, लिहून घ्या. आम्ही कवटी अलगद तासून मेंदू उघडा करायचो, पाचवा, सातवा, नववा, दहावा मज्जातंतू शोधायचो, आणि शेवटी नाकाडावरच्या कातडीतून चिमट्याने एक बारीक नळी उपसून काचपट्टीवर ठेवायचो. तिच्या टोकाला फुगीर कुपी, आत पारदर्शक चिकट द्रव. अँपुला ऑफ लोरेन्झिनी. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने ही विच्छेदनं बंद करायला लावली ते बरंच झालं, पण माझ्या पिढीच्या विदर्भातल्या कितीतरी मुलामुलींनी समुद्र बघायच्या आधी शार्क हातात धरलाय, हेही खरं.

त्या कुप्यांबद्दल आम्ही पाठ केलेलं वाक्य अगदीच कोरडं होतं: विद्युत संवेदन. लोरेन्झिनी या इटालियन वैद्याने १६७८ साली त्यांचं वर्णन केलं, आणि त्या नेमक्या कशासाठी आहेत हे कळायला त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं जावी लागली. वाळूत दडलेल्या माशाच्या स्नायूंतून निसटणारी क्षीण वीज शार्कला या कुप्यांमुळे कळते. २०२१ साली बॉनेटहेड जातीच्या लहान शार्कवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. टाकीभोवती तारांची वेटोळी करून, पकडलेल्या जागेच्या पार दक्षिणेला असतं तसं चुंबकीय क्षेत्र तयार केलं, तर ते शार्क उत्तरेकडे, म्हणजे घराच्या दिशेने तोंड करून पोहू लागले. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा नकाशा त्यांना वाचता येतो, असा त्याचा अर्थ. त्यात या कुप्यांचाच हात असावा असा तर्क आहे. काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब टाकून मी ज्यावर कव्हरस्लिप ठेवली, तो बहुधा त्या माशाचा स्वतःचा दिशादर्शक होता. जर्नलमध्ये त्याला पाचपैकी साडेतीन गुण मिळाले.

आता आपण त्यांच्या अंगावर आपले दिशादर्शक लावतो. या यंत्रांची अडचण मोठी मजेशीर आहे. खाऱ्या पाण्यातून रेडिओलहर जात नाही. म्हणजे पाठीवरच्या परावर स्क्रूने बसवलेला टॅग शार्क पाण्याखाली असेपर्यंत मुका असतो; पर पाण्याबाहेर आला की तो आकाशाकडे संदेश सोडतो, आणि त्याच वेळी डोक्यावरून उपग्रह जात असेल तरच तो कोणाला तरी पोहोचतो. आर्गोस ही फ्रेंच-अमेरिकी व्यवस्था १९७८ पासून हे काम करते. उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना संदेशाची वारंवारिता किती बदलते, यावरून टॅगचं ठिकाण काढतात. त्यासाठी एकामागोमाग एक असे काही संदेश लागतात. शार्क एकदाच पर दाखवून बुडाला तर संदेश मिळतो, ठिकाण मिळत नाही. ओसर्चवाले त्याला झी-पिंग म्हणतात. मी त्याला मिस्ड कॉल म्हणते: आहे बरं का मी, बाकी विचारू नका. आर्गोसचं एक उपकरण आपल्या 'सरल' या उपग्रहावरही आहे, तो २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. अंबाझरीच्या अलीकडे, व्हीएनआयटीच्या आवारात राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे. तिथून रिक्षाने जाताना मला उगाच वाटायचं की वरून सगळंच दिसतं. तर नाही. समुद्राच्या पाठीवर घटकाभर जे येतं, तेवढंच.

जे शार्क वर येतच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी युक्ती. त्या टॅगला पॉप-अप म्हणतात. तो शार्कच्या पाठीत अडकवलेला असतो आणि महिनोन्‌महिने नुसती टिपणं काढत राहतो: किती खोल, किती थंड, किती उजेड. ठरलेल्या दिवशी त्यातून वीज सोडून धातूची बारीक पिन गंजवली जाते, टॅग सुटून पाण्यावर तरंगतो आणि साठवलेलं सगळं एकदमच सांगून टाकतो. मला त्यातलं उजेडाचं गणित फार आवडलं. सूर्य कधी उगवला, कधी मावळला यावरून माध्यान्ह काढायची, म्हणजे रेखांश मिळतो. दिवस किती लांब होता यावरून अक्षांश. मार्च आणि सप्टेंबरात जगभर दिवस-रात्र सारखे होतात, तेव्हा अक्षांशाचा पार गोंधळ उडतो. म्हणजे सगळ्या आधुनिकतेच्या मुळाशी काय, तर दिनमान. आमच्या आजोबांच्या पंचांगात ते रोजच्या रोज छापलेलं असायचं.

याच जातीच्या टॅगने निकोलची गोष्ट सांगितली. निकोल ही दक्षिण आफ्रिकेतली पांढऱ्या शार्कची मादी. नोव्हेंबर २००३ मध्ये तिला टॅग लावला. फेब्रुवारी २००४ च्या अखेरीस टॅग सुटून वर आला तेव्हा ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ होती, ११ हजार किलोमीटर लांब. आणि ऑगस्ट २००४ मध्ये ती पुन्हा आफ्रिकेच्या त्याच किनाऱ्यावर हजर! पाठीवरच्या पराच्या कडेला असलेल्या खाचांवरून तिला ओळखलं. जाऊन येऊन २० हजारांहून जास्त किलोमीटर, नऊ महिन्यांत. त्याआधी बराच काळ पांढरा शार्क हा किनाऱ्याच्या आसपास राहणारा प्राणी आहे असंच धरून चालत. दुसरीकडे कॅलिफोर्नियातून निघालेले पांढरे शार्क हवाईच्या वाटेवर भर समुद्रात एका ठिकाणी महिनोन्‌महिने मुक्काम करतात, हेही टॅगनीच सांगितलं. उपग्रहातून पाहिलं तर तिथे पाणी ओसाड दिसायचं, अन्न जवळजवळ नाहीच. शास्त्रज्ञांनी त्या जागेला 'कॅफे' असं थट्टेचं नाव दिलं. २०१८ साली तिथे मोठी मोहीम गेली, तेव्हा लक्षात आलं की खालच्या अंधाऱ्या थरांत मासे, माकुल, कोळंबीची भरपूर वर्दळ आहे, आणि शार्क दिवसा चारशे मीटरपर्यंत बुड्या मारतात. आपल्याला ओसाड वाटलेल्या जागी त्यांची पंगत बसलेली होती.

ठिपक्यांच्या मागे लागण्याचं हे वेड मला जयने लावलं, हे सांगायला हवं. जय कोण, ते नागपूरकरांना सांगायची गरज नाही; बाकीच्यांसाठी, तो एक वाघ. नागझिऱ्याहून निघून, रस्ते, शेतं, नदी ओलांडत तो उमरेड-कऱ्हांडल्यात आला आणि या आडबाजूच्या अभयारण्याच्या गेटवर गाड्यांच्या रांगा लागल्या. त्याच्या गळ्यात कॉलर होती. एप्रिल २०१६ मध्ये संदेश यायचे थांबले. त्या उन्हाळ्यात पानठेल्यावर, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, एकच विषय: जय मिळाला का? जो तो जाणकार. कोणी म्हणे ताडोब्याकडे गेला, कोणी म्हणे तेलंगणात. वनखात्याने गावंच्या गावं धुंडाळली. तो मिळाला नाही. वर्षभराने त्याचा मुलगा श्रीनिवास नागभीडच्या बाजूला शेताच्या कुंपणातल्या विजेच्या तारेला लागून मेला. त्याच्याही गळ्यात पट्टा होता. नंतर टिपेश्वरचा तो तरुण वाघ आला. २०१९ च्या जूनपासून नऊ महिने तो तेलंगणातून, मराठवाड्यातून, कापसाच्या आणि तुरीच्या शेतांतून चालत राहिला, आणि ३ हजार किलोमीटर पायाखाली घालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत स्थिरावला. त्याच्या वाटेचा नकाशा पेपरात आला तेव्हा मी तो कापून ठेवला. वेड्यावाकड्या रेघा, कितीदा मागे फिरलेल्या, कुठे एकाच जागी गुंतून बसलेल्या. माणसांच्या इतक्या गर्दीतून तो गेला, आणि बहुतेकांना तो गेल्याचा पत्ताही नव्हता.

तेव्हाही ठिपका रोजच्या रोज आपल्याला दिसत नव्हता. तो डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेतल्या शास्त्रज्ञांना आणि वनखात्याला दिसायचा. आपल्याला तो गेला, थांबला, पोहोचला एवढंच, तेही मागाहून, कळायचं. काकांचा प्रश्न त्या व्यवस्थेतून आलेला होता. २०१३ साली मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका कॉलरवाल्या वाघाची ठिकाणं ज्या ई-मेल खात्यावर यायची, त्यात पुण्याहून कोणीतरी शिरायचा प्रयत्न केला. तो फसला. पण तेव्हापासून जंगलातल्या माणसांना एक गोष्ट पक्की समजली, की वाघ राखायला गोळा केलेली माहिती आणि वाघ मारायला लागणारी माहिती, अक्षर न्‌ अक्षर एकच असते. मेळघाटाने शिकारी टोळ्यांचे दिवस पाहिलेत. पायाचा ठसा, पाणवठा, वाट, वेळ: शिकाऱ्यालाही हेच हवं असतं. फक्त त्याला त्यासाठी जंगलात मुक्काम ठोकावा लागायचा.

समुद्रातही हा पेच आला, जरा वेगळ्या अंगाने. पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्कच्या हल्ल्यांत माणसं गेल्यावर सरकारने तीनशेहून अधिक शार्कना ध्वनी सोडणारे टॅग लावले. समुद्रात बांधून ठेवलेल्या श्रवणयंत्राजवळून असा शार्क गेला की ट्विटरवर आपोआप सूचना पडायची: अमुक जातीचा, तमुक किनाऱ्याजवळ. हे २०१३ च्या अखेरीस. लगेच २०१४ च्या जानेवारीत तिथेच मोठ्या शार्कना गळ लावून मारायची मोहीम सुरू झाली, आणि मग वाद पेटला, की हे टॅग संशोधनासाठी आहेत की नेमका शार्क शोधून संपवण्यासाठी. मला तिथल्या पोहणाऱ्या माणसाची भीती खोटी वाटत नाही. ब्रह्मपुरीकडच्या शेतात एकट्याने तूर सोंगणाऱ्या बाईला वाघाच्या नकाशाचं काय कौतुक असेल? तिला तो कुठे आहे हे आज, आत्ता कळलं तर हवंच आहे. नागपूरच्या गच्चीवर बसून गुप्ततेच्या बाजूने बोलणं सोपं आहे.

पण शार्कच्या बाबतीत खरी भीती किनाऱ्यावरच्या माणसाला नाही, ती शार्कला आहे. भर समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० ते २०१८ या काळात ७१ टक्क्यांनी घटली. मुख्य कारण मासेमारी. मैलोन्‌मैल लांब दोर, त्याला हजारो गळ, बहुतेकदा ट्यूनासाठी लावलेले; शार्कही त्यातच लागतो, आणि हल्ली तो लागला तर बऱ्याचदा ठेवूनच घेतात. २०१९ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी आपापले टॅग एकत्र केले. सोळाशेहून जास्त शार्क, २३ जाती. त्या ठिपक्यांवर मासेमारी जहाजांचे ठिपके ठेवून पाहिले. जहाजंही उपग्रहाला आपलं ठिकाण सांगत असतातच. शार्क महिनाभरात जेवढा समुद्र वापरतात, त्यातला सरासरी २४ टक्के भाग या दोरांच्या जहाजांनी व्यापलेला निघाला. शार्कला जिथे खायला मिळतं तिथेच जहाजांनाही मिळतं. हे वाचून मी पुन्हा कंटेंडरच्या नकाशाकडे गेले, तेव्हा त्या मोकळ्या निळ्या जागेवरचा माझा विश्वास उडाला होता. त्या नकाशावर जहाजं दाखवलेली नाहीत, एवढंच.

मग टॅगचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर मी गॅलापागोस बेटांचं नाव घेते. तिथल्या राखीव समुद्रात ऑगस्ट २०१७ मध्ये एक चिनी जहाज पकडलं गेलं. त्याच्या शीतगृहात ३०० टन मासळी, आणि त्यात ६ हजारांहून अधिक शार्क. बेटांभोवतीचा समुद्र राखीव होता, पण हातोडी-डोक्याचे शार्क आणि कासवं त्या रेषेत थांबत नाहीत. ती पाण्याखालच्या डोंगररांगेवरून कोस्टारिकाच्या कोकोस बेटापर्यंत ये-जा करतात, हे वर्षानुवर्षांच्या टॅगनी दाखवून दिलं. जानेवारी २०२२ मध्ये इक्वेडोरने त्या वाटेवरचा ६० हजार चौरस किलोमीटर समुद्र नव्याने राखीव केला. नागझिरा-नवेगाव-ताडोबा यांच्यामधले कॉरिडॉर म्हणून आपल्याकडे जो घोष चालतो, तोच हा. फरक इतकाच की तिथे मध्ये चौपदरी रस्ता येत नाही. त्या निर्णयासाठी शार्क आज दुपारी तीन वाजता कुठे होता, हे जगाला कळायची काहीच गरज नव्हती. जुनी, शिळी, पाच-दहा वर्षांची टिपणं पुरली.

माझं मत हळूहळू त्या शिळेपणाकडे झुकत गेलंय. काकांना मी ते सांगितलं नाही, ते लगेच "मंग मी काय म्हनलो होतो" म्हणतील. ठिपका दाखवायला हरकत नाही, पण उशिरा दाखवा. आठवड्याने, महिन्याने. कंटेंडर परवा कुठे होता हे कळून माझं काही अडत नाही. गेल्या महिन्यात होता एवढ्यावरही मी तितकीच खूश होईन. होईन ना? इथे मात्र मी जरा चाचरते. कारण उशिराच्या ठिपक्याकडे मी रोज रात्री वळले असते का, ते सांगता येत नाही. मेरी ली नावाच्या पांढऱ्या शार्क मादीला सप्टेंबर २०१२ मध्ये टॅग लागला. तिच्या नावाने कोणीतरी ट्विटर खातं काढलं आणि लाखाहून जास्त माणसं तिच्या मागे लागली. ज्या प्राण्याला बघून माणसं किंचाळत किनाऱ्याकडे पळायची, त्याला माणसं "आमच्या गावावरून गेली बरं का" असं म्हणायला लागली. जून २०१७ मध्ये तिचा शेवटचा संदेश आला. टॅगची बॅटरी साधारण पाच वर्षांचीच असते, ती संपली असेल. पण लोक हळहळले, जयसाठी आम्ही हळहळलो तसेच. ही माया त्या ताज्या ठिपक्यातून आली, हे नाकारता येत नाही.

ठिपक्याशिवाय माया लागतच नाही, असंही नाही म्हणा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळ-मांगरोळकडे, व्हेल शार्क येतो. जगातला सगळ्यात मोठा मासा, आणि खातो काय तर पाण्यातलं बारीकसारीक. त्याला तिकडे 'बॅरल' म्हणायचे, कारण त्याला गळाने अडकवून दमवायला दोराला रिकामी पिंपं बांधत. यकृताच्या तेलासाठी आणि परदेशी जाणाऱ्या मांसासाठी शेकड्यांनी मारले जायचे. २००१ साली कायद्याचं संरक्षण मिळालं, पण किनाऱ्यावर कायदा सांगणार कोण? २००४ मध्ये कथाकार मोरारीबापूंनी सांगितलं, ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. लेकीला कोणी मारतं का? आणि ते पटलं! कोळी आपली हजारो रुपयांची जाळी स्वतःच्या हातांनी कापून तिला सोडू लागले. फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली, सोडल्याचा पुरावा म्हणून कोळ्यांच्याच हातात कॅमेरे आले. शेकडो व्हेल शार्क असे सुटले. तिथे पहिला उपग्रह टॅग लागला तो २०११ साली, म्हणजे माया लागून सात वर्षं झाल्यावर. आता तो मासा खरोखर बाळंतपणालाच येतो का, हा प्रश्न शास्त्राने शांतपणे सोडवत बसावं. कोळ्यांनी त्याच्या उत्तरासाठी थांबायचं ठरवलं असतं, तर सोडवायला मासा उरला नसता.

व्हेल शार्कच्या अंगावर पांढरे ठिपके असतात, प्रत्येकाचे वेगळे. पोहणाऱ्या पर्यटकांनी काढलेल्या फोटोंवरून ते ओळखण्यासाठी जी पद्धत वापरतात, ती हबल दुर्बिणीच्या फोटोंतले तारे जुळवण्याच्या गणितातून घेतलेली आहे. वाघाचे पट्टे आपण कॅमेरा ट्रॅपमध्ये जुळवतो, त्यातलाच हा प्रकार. ना भूल, ना पट्टा, ना परात स्क्रू. एकदा नावानिशी नोंद झाली की पुढे कोणत्याही देशात, कोणाच्याही फोटोत तो सापडला की कळतं, तो जिवंत आहे. तो नेमका कुठे जातो ते कळत नाही. मला वाटतं, काकांना ही पद्धत पसंत पडेल.

हे सगळे मोठ्यांचे लाड. पाठीवरचा पर मोठा हवा, तर त्यावर टॅग मावणार. आणि टॅग महाग, म्हणून तो लावायचा तर नाव असलेल्याला, फोटोत उठून दिसणाऱ्याला. माझ्या ट्रेमधल्या स्कोलिओडॉनला कोणी टॅग लावत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त येणारी ही लहान मुशी, ससून डॉकवर टोपल्या भरभरून उतरते. तिची अंडी मिलिमीटरभराची, शार्कमध्ये सगळ्यात लहान, आणि पिल्लं मात्र आईच्या पोटात नाळेवर वाढतात. तिला व्हेल शार्कसारखं संरक्षण नाही, तिचं ट्विटर खातं नाही.

आमची वहिनी मालवणची. पंचवीस-तीस वर्षं नागपुरात काढून सावजी रस्सा तिने आपलासा केला, पण गोड्या पाण्यातल्या माशाला ती अजून मासा म्हणत नाही. मागच्या महिन्यात भाची बाळंत झाली आणि वहिनीने जाहीर केलं, मोरी हवी. मोरी म्हणजे हीच मुशी. बाळंतिणीला दूध यायला मोरीसारखं काही नाही, हे तिच्या आईने, आजीने सांगितलेलं. डॉक्टरांना विचारायचा प्रश्नच नव्हता. मी तिला मंगळवारी बाजारात घेऊन गेले. रोहू, कतला, मरळ, आंध्रातून आलेले झिंगे, आणि एका कोपऱ्यात थर्मोकोलच्या पेटीत, बर्फात, तीन मुश्या. मी एकीचं नाकाड वळवून पाहिलं. कातडीवर ती बारीक बारीक छिद्रं, जशीच्या तशी. "वन्सं, ताजी आहे का बघताय?" वहिनी म्हणाली. मी हो म्हटलं. तिने बोटाने पोट दाबून पाहिलं, कल्ले उघडून पाहिले, आणि भाव ऐकून कपाळाला हात लावला.

"कुठून येते ही?" मी दुकानदाराला विचारलं.

"मुंबईवरून."

"मुंबईत कुठून?"

तो सुरी पुसत माझ्याकडे बघत राहिला. "पेटी येते ना ताई गाडीनं, तिकडून. आता मासा कुठचा, ते मले का मालूम! दोन घेता का तीन?"

वहिनी म्हणाली, तीन.